तेलाचं की पाण्याचं

वडिलांच्या खुब्याचं हाड मोडलं त्या वर्षी मला कळलं, की आमच्या घराला रस्ताच नाही. म्हणजे होता, रत्नागिरीत बऱ्याच घरांना असतो तसा. वर सडक, खाली घर आणि मध्ये जांभ्याचे चिरे बसवलेला उतार. चालणाऱ्या माणसांना तो पिढ्यानपिढ्या पुरला होता. पावसाळ्यात त्यावर असं शेवाळ धरायचं, की आम्ही कडेचा गडगा धरधरून उतरायचो. रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, सुक्या दिवसांत येतो. पावसात माझी गाडी दारात थांबायची नाही, थेट तुमच्या पडवीत जाईल."

डॉक्टरांनी वडिलांना दर आठवड्याला इस्पितळात आणायला सांगितलं होतं. खुर्चीत बसवून चौघांनी वर न्यावं असं मी सुचवलं. वडील म्हणाले, "चौघांनी उचलायला मी अजून मेलेलो नाही." तो विषय तिथेच संपला. पण मृगाच्या आत उतारावर काही घातलं नाही, तर ते चार महिने अंथरुणाला खिळणार आणि पाय कायमचा जाणार, हे स्पष्ट दिसत होतं. घरात आम्ही दोघंच. आई आधीच गेलेली आणि मी शाळेत मास्तरीण.

रस्त्यांची कामं करणारा एक कंत्राटदार ओळखीचा होता. त्याने दोन प्रकार सांगितले. एक रॉकेलात पातळ केलेलं डांबर. ते चिऱ्यात मुरतं आणि चार-पाच पावसाळे हलत नाही. दुसरं नवीनच आलेलं, पाण्यात कालवलेलं डांबर. ते थंडच खराट्याने फासायचं, वर वाळू पसरायची. टायर धरतं, पण आपल्याकडचा पाऊस त्याला एका वर्षात धुऊन नेणार. मला निवड करायला क्षणही लागला नाही. दर वर्षी तेच दळण कोण दळत बसणार? मी तेलाचंच घालायचं ठरवलं.

मग ग्रामसेवक आला. तेव्हा सरकारने पर्यावरणाचा कायदा नवाच केला होता, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तो शब्द होता. पिण्याच्या विहिरीजवळ तेलकट काही ओतायचं नाही, असं वरून आलंय म्हणाला. मिरजोळ्याच्या कारखान्यांना सोडून सरकारला माझाच उतार दिसला का, असं मी त्याला विचारलं. तो बिचारा हसला आणि म्हणाला, "विहीरवाल्याची हरकत नसली तर आम्ही काय बघायला येत नाही."

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. उताराकडेची विहीर आणि उतार दोन्ही वडिलांच्या चुलतभावाचे. काकांचं घर वर सडकेला लागून. आमचे गणपती वेगळे झाले तेव्हापासून या दोन भावांचं बोलणं नव्हतं. का, ते मला दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितलं होतं आणि दोन्ही खोटं असावं. तरी मी गेले. काका खळ्यात आंब्याची पेटी भरत होते. त्यांनी ऐकून घेतलं, पेंढा नीट दाबला आणि म्हणाले, "घाल. पण तेलाचं नको, पाण्याचं. आणि दर वर्षी घालायच्या आधी वर येऊन विचारायचं."

मी पाय आपटत खाली आले. मला त्यातली मेख कळली होती. कोकणात पायवाटेवरून दोन-दोन पिढ्या कोर्टात जातात. तेलाचं काळंभोर डांबर वर्षानुवर्षं पडून राहिलं, की उद्या आम्ही वहिवाट सांगणार. दर वर्षी विचारून घातलं, तर ती नुसती परवानगी. म्हातारा तुमच्या आजारपणातही जमीन मोजतोय, असं मी वडिलांना चढ्या आवाजात सांगितलं.

"मोजत असेल," वडील म्हणाले. "पण तेल वर ओतल्यावर ते जाईल कुठे? जांभा आहे गो तो, नुसती चाळण. त्याच्या विहिरीला चुकलं तर आपल्या परसातल्या विहिरीत येईल."

हे मला कळत नव्हतं असं नाही. राग आला की मला उताराखाली काय आहे ते दिसत नाही, एवढंच. आम्ही पाण्याचं घातलं. पहिल्याच पावसात रिक्षा दारात येऊन थांबली, आणि वडील काठी टेकत स्वतःच्या पायांनी तिच्यात चढले. मला रडू आलं.

पुढच्या वैशाखात उतार पुन्हा उघडा पडला. मी वर जायला निघाले तर वडील म्हणाले, "थांब, मी जातो." रिक्षा काकांच्या खळ्याशी उभी केली. वडील उतरले नाहीत. काका बाहेर आले.

"घालू काय रे?"

"घाल."

एवढंच. पण तेवढ्यात काकू चहा घेऊन आली आणि वडिलांनी तो रिक्षात बसून प्यायला. त्याच्या पुढल्या वर्षी काका रिक्षाच्या दांडीला धरून पाऊण तास उभे होते. विषय काय, तर यंदाचा मोहोर. एका वर्षी वडील उतरलेच, आणि जेवून आले. मी घरी पिठलं करून ठेवलं होतं ते वाया गेलं. मी चिडले, पण मनातून फार बरं वाटलं.

वडील एका मार्गशीर्षात झोपेतच गेले. त्यानंतरच्या वैशाखात मी विचारायला गेले नाही. रिक्षा आता कोणासाठी आणायची? डांबर जाऊन चिरे लाल दिसायला लागले होते. एका सकाळी काका गडगा धरत, थांबत थांबत उतरून आले आणि पडवीत टेकले. दिवसकार्यानंतर ते पहिल्यांदाच खाली आले होते.

"औंदा आली नाहीस."

"कोणासाठी घालू, काका?"

मी पाणी आणून दिलं. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मला राहवेना. "एक खरं सांगा. तेव्हा तेलाचं नको म्हणालात ते वहिवाट पडेल म्हणूनच ना?"

"होय," काका म्हणाले. त्यांनी पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं. "पहिल्या वर्षी त्याचसाठी. मग तुझा बाप यायला लागला, आणि मी वैशाखाची वाट बघायला लागलो."