मॉरीनच्या आजीचं बॉनेट

मित्रांनो, आज मला माझ्याच हातांचा राग आलाय.

शेजारच्या ऐंशी वर्षांच्या मॉरीनने सकाळी दारात एक पिशवी ठेवली. आत तिच्या आजीचं बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची काळी रेशमी टोपी. उसवलेली लेस मी शिवून देणार होते. जुने टाके इतके बारीक, की शोधावे लागत होते.

बाहेरून आलेलं सगळं निर्जंतुक करायचं, या कोरोनाच्या सवयीने मी सॅनिटायझर फवारला. रंग ओघळला. पुसायला गेले, तर जीर्ण रेशीम बोटांखालीच फाटलं.

कुंपणापाशी जाऊन रडतच सांगितलं. ती म्हणाली, "ग्रँड आहे गं," म्हणजे इथल्या बोलीत 'काही हरकत नाही', "नको रडूस." मग हळूच म्हणाली, "आजीचा फोटोसुद्धा नाहीये माझ्याकडे."

वारसा जपा म्हणत मी सभा गाजवते! भीतीपोटी आपण आणखी काय काय संपवलं, खरं सांगा.