साडूंचा राम राम

माझ्या साडूंइतका चौकस माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. छापील शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं व्रतच होतं. पाकिटावर ‘दोन मिनिटांत तयार’ असं दिसलं की हे मनगटावरचं घड्याळ काढून शेगडीपाशी बसायचे आणि माझी मेव्हणी पदराआड हसत राहायची. मूळचे साक्रीकडचे, पण बोदवडला स्टेशनजवळ त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि जावा नावाची नवी भाषा त्यांच्या डोक्यात अशी बसली होती की घरातलं काहीच तिच्यातून सुटेना. या भाषेत आधी साचा, म्हणजे क्लास, ठरवायचा आणि मग त्यातून हव्या तितक्या वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, घडवायच्या. जामनेरला पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो, तर पोहे खाता खाता हे मुलाच्या वडिलांना म्हणाले, “जावई हा क्लास आम्हाला पसंत आहे. आता ऑब्जेक्ट दाखवा.” तरीही लग्न जमलं, हा त्या वडिलांचा मोठेपणा.

पण त्यांना खरं पछाडलं ते पुस्तकातल्या एका दाव्याने. या भाषेत प्रोग्रॅम एकदा लिहिला की तो कुठल्याही मशीनवर चालतो. फक्त तिथे भाषेचा दुभाष्या आधी बसवायचा. “देखनं पडी,” म्हणजे बघावं लागेल, असं म्हणत साडूंनी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो पडद्यावर रोमन अक्षरांत, पण आमच्या अहिराणीत, एवढंच विचारायचा: ‘राम राम भाऊ, बठ्ठा बरा शेतस ना?’ म्हणजे, सगळे बरे आहेत ना? मग फ्लॉप्या जेवणाच्या डब्यात घालून हे एसटीने हिंडू लागले. कधी कापसाच्या जिनिंगवाल्याचं ऑफिस, कधी धुळ्याचं कॉलेज. दुभाष्या बसेपर्यंत चहा, मग राम राम. “आठे चालस, तठे बी चालस,” इथे चालतो, तिथेही चालतो, असं पुटपुटत उठायचे. लोक त्यांना वेड्यात काढत, आणि खरं सांगायचं तर मीही.

याचं मूळ मेव्हणीने सांगितलं. तरुणपणी साडूंना पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. यांनी तोंड उघडलं की मागच्या टेबलावरून कुणीतरी यांच्या अहिराणी वळणाची नक्कल करायचं. थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळून परत आले. आपलं इथलं तिथे चालत नाही, ही एकच गोष्ट त्यांनी न तपासता मान्य केली होती. ऐकून मला फार वाईट वाटलं.

शेवटी ते डबा घेऊन त्याच कंपनीत गेले. आता तिथे बँकांचा, कारखान्यांचा सगळा कारभार सांभाळणारे प्रोग्रॅम याच जावा भाषेत लिहिले जात होते. साडूंनी विनंती करून आपला प्रोग्रॅम लावला, आणि तो चालला. भोवती पोरं जमली. एका मुलीने विचारलं, “काका, याचा अर्थ काय?” साडूंनी सांगितला आणि पुढेही अहिराणीतच बोलत राहिले. कुणी हसलं नाही. साहेबांनी तर, आमच्याकडे शिकवायला राहता का, असंही विचारलं.

परतल्यावर चहा घेताना हे सगळं त्यांनी मला रंगवून सांगितलं. “मग राहायचं होतंत की,” मी म्हणालो.

“तठे बी चालनं, साडूभाऊ,” ते म्हणाले, “पन मन्हं वय निंघी गयं.”

आपलं वय निघून गेलं, हे त्यांनी हसतच सांगितलं. मी त्यांचा कप पुन्हा भरला.