तारणाची तारीख

तुमचं तारण कोणत्या तारखेला झालं, हे तुम्हाला सांगता येतं का? आणि येत असेल, तर इतक्या पटकन कसं येतं?

मला येतं. माझ्याकडे तर चार तारखा आहेत.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. दादा, म्हणजे माझे वडील, जुन्नर-आंबेगावातल्या बाजारांतून येशूच्या सुवार्तेची पत्रकं वाटायचे. पलंगाखाली गठ्ठे, माळ्यावर गठ्ठे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. प्रत्येक पत्रकाच्या शेवटच्या पानावर टिंबांच्या दोन रेघा असायच्या. आज, दिनांक अमुक, मी येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारलं, आणि खाली सही; ती केली की पापांतून तारण झालं, स्वर्गाची खात्री. सात वर्षांची असताना मी पहिली सही केली. नंतर एकदा शाळेत खोटं बोलले आणि ती सही बाद झाली असं वाटून दुसरी केली. तिसरी टायफॉइडमध्ये. चौथी कशासाठी केली ते सांगणार नाही. चारही कागद मी जपून ठेवलेत, आणि चारांपैकी एकावरही माझा पुरता विश्वास नाही.

सुट्टीत दादा मला बेल्ह्याच्या बैलबाजारात न्यायचे. तिथला एक व्यापारी त्यांची नेहमी फिरकी घ्यायचा.

"पावणं, मी बैलाची खात्री देतो तवा चार पावलं चालवून दावतो. तुमची खात्री कशी चालवायची?"

"ती मेल्यावर कळते, भाऊ," दादा म्हणायचे.

"मंग मेल्यावरच सही करतो की राव!"

आजूबाजूचे हसायचे, दादाही हसायचे. तो व्यापारी पत्रक मात्र घडी करून खिशात ठेवायचा, फेकायचा नाही. त्या बाजारात मी एक शिकले. जो माणूस न विचारता बैलाची खात्री देतो, त्याच्या बैलाचे पाय आधी बघायचे.

पुढे दादा आजारी पडले. हजारो लोकांना खात्रीची पत्रकं वाटणारा हा माणूस शेवटच्या आठवड्यात दर दुपारी आईला एकच विचारायचा, "प्रभूनं मला पदरात घेतलं असंल ना गं?" आई पाय चेपत म्हणायची, "घेतलंय. झोपा आता." दादांच्या बायबलात त्यांची तारीख ठळक अक्षरांत लिहिलेली होती. आईच्या बायबलात काहीच नव्हतं. तिनं जन्मात एकाही पत्रकावर सही केली नाही. तरी खात्री मागणारे दादा होते आणि देणारी आई होती. तारखांवरचा माझा संशय तिथून सुरू झाला.

आता यंदाचं सांगते. राजुरीला खताच्या दुकानामागे पत्र्याचा हॉल आहे, तिथे आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, भरते. जेमतेम चाळीस माणसं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे वाटून घेतात ती प्रभुभोजनाची भाकर आणि रस वर्षानुवर्षं आईच करते. बिनखमिराची पातळ पोळी तव्यावर भाजते. हंगामात काळी द्राक्षं पिळते, एरवी बेदाणे भिजवते. मी मंडळीची सेक्रेटरी, कारण माझं अक्षर बरं आहे आणि वाद घालायला मला कंटाळा येत नाही.

नवे पाळक, म्हणजे पास्टर, आले. तरुण, कष्टाळू, मोटरसायकलवर घरोघर जाणारे. ते वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरआधी, त्यांनी फॉर्म छापून आणले. नाव, गाव, तारणाची तारीख. ज्याचा फॉर्म पूर्ण, त्यालाच त्या सणापासून प्रभुभोजन.

"शंका घेऊन प्रभूच्या मेजापाशी येऊ नये, ताई," ते मला म्हणाले. "पोराला आपला बाप कोण ते माहीत असतं ना?"

"बाप माहीत असतो, पाळकसाहेब. जन्माची वेळ पोराला आठवत नसते."

त्यांनी कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "तुम्ही फार पत्रकं वाचलीत," म्हणाले. "फॉर्म तेवढे शनिवारपर्यंत द्या."

फॉर्म माझ्याकडे जमा झाले. ते लावताना मी एक पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून चाळले. अकरा जणांचं तारण एक जूनला झालेलं होतं. वर्षं वेगवेगळी, तारीख एकच.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जुन्या काळी शाळेत नाव घालताना मास्तर जन्मतारीख विचारायचे, घरच्यांना ती माहीत नसायची, मग मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. तीच दाखल्यावर, तीच आधारवर. तारखेचा रकाना दिसला की हात आपोआप एक जून लिहितो. या अकरा जणांचे हात तसेच चालले. आणि यातले निम्मे दर रविवारी उभं राहून, हात वर करून, "मला पक्की खात्री आहे" म्हणणारे होते.

मला हसू आलं. मग राग आला. मग वाटलं, कोणाला हसतेस? तुझ्या फॉर्मवर तू चारांतली दुसरी तारीख टाकलीस, ती का? तर त्या कागदावर सही चांगली आली होती म्हणून.

आईचा फॉर्म कोरा होता. शनिवारी सकाळी ती पोळीचं पीठ मळत होती.

"आई, एक जून टाकू का? अकरा जणांनी टाकलाय."

"नको."

"कोण बघतंय? उद्याच्या भाकरीचा प्रश्न आहे. तूच भाजायची आणि तुलाच नाही?"

"जन्माची तारीख मास्तरनं ठोकून दिली, ती चालली. ही न्हाई चालायची."

"मग खरी सांग."

"खरी मला ठावं न्हाई. लोणीला माझ्या माहेरी मी परकरात व्हते तवापास्नं प्रभूशी बोलतीय. कवा सुरू झालं ते कसं सांगू?"

"म्हणजे तुला खात्री नाही?"

तिनं पिठाचे हात वर धरले आणि माझ्याकडं पाहिलं. "त्याची लई खात्री हाय मला. माझी न्हाई. तुमचा कागद माझी इचारतो."

मला तिचाही संशय आला. हा विश्वास की हट्ट? एवढी साधी माणसं एवढं नेमकं बोलायला लागली की मी सावध होते. पण तिनं पीठ पुन्हा मळायला घेतलं होतं, मला पटलं की नाही याची तिला फिकीर नव्हती. पटवायला धडपडणाऱ्यांना मी लहानपणापासून ओळखते. ही त्यांतली नव्हती.

रविवारी सकाळी भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून फिरलं. आई शेवटच्या बाकावर बसली होती. ताट तिच्या हातात आलं. स्वतः भाजलेल्या पोळीचे तुकडे तिनं एकदा पाहिले, आणि पंगतीत वाढताना द्यावं तसं ते अदबीनं शेजारणीकडे दिलं. शेजारीण एक जूनवाली होती. तिनं घेतलं. पाळकांनी हे पाहिलं आणि नजर गीतपुस्तकात घातली.

आणि मी? दर सभेत तत्त्वावर भांडणारी मी? माझ्यापर्यंत ताट आलं तेव्हा मी तुकडा घेतला आणि खाल्ला. उठले नाही, बोलले नाही. नंतर आईनंच सगळ्यांचे पेले विसळले.

ख्रिस्ती माणसाला तारणाची खात्री असू शकते का, असं मला कुणी विचारलं तर आता मी हो म्हणते, कारण मी ती एका बाईच्या पिठाच्या हातात पाहिली आहे. पण फॉर्मवर मावते त्या खात्रीवर माझा विश्वास नाही, माझ्या चार कागदांवरच्या तर नाहीच. फॉर्मचा नियम अजून आहे. माझ्या फॉर्मवरची तारीख मी खोडली आहे, पाळकांना तसं लेखी कळवलं आहे, आणि पुढच्या प्रभुभोजनाला मी शेवटच्या बाकावर बसणार आहे.

तुम्हाला एवढंच मागते. तुमच्या मंडळीत ताट फिरेल तेव्हा आपला तुकडा लगेच तोंडात घालू नका. तो हातात ठेवा आणि वळून मागे बघा. ताट कोणाच्या हातातून तसंच पुढे गेलं असेल, तर उठा, त्या बाकापाशी जा आणि तुमच्या तुकड्यातला अर्धा मोडून त्या माणसाला द्या.