पदकावरचं नाव

चिंचेनं तांब्या घासल्याचा आंबट वास आला की मला चौसाळ्याची ती दुपार आठवते. गावात नवे नवे एसटीडी बूथ निघाले होते आणि मला जुनी लष्करी पदकं जमवायचा नाद लागला होता. पत्र्याच्या खोलीत एकटाच राहणारा म्हातारा माजी सैनिक ओट्यावर बसून आपलं पदक चिंचेनं घासत होता. पदक अस्सल होतं. कडेला बारीक अक्षरात त्याचा नंबर आणि नाव कोरलेलं. मी मोठ्या हुशारीनं पिशवीतून पुण्याच्या कॅम्पातली चकचकीत नक्कल काढली. "चाचा, हे घ्या. घासायची कटकट नाही. जुनं मला द्या." त्यानं नकलेच्या कडेवरून अंगठा फिरवला. "ह्याच्यावर माजं नाव न्हाई." "नाव कोण वाचतंय, चाचा?" मी बोलून गेलो. त्यानं एकदा रिकाम्या खोलीकडे पाहिलं. "ते बी खरंच हाय," म्हणाला आणि अस्सल पदक माझ्या तळहातावर ठेवलं. आज माझं काचेचं कपाट अस्सल पदकांनी भरलंय, पण बघायला कुणी येत नाही. संध्याकाळी मी त्याचंच पदक काढतो, कडेवरून अंगठा फिरवतो आणि नाव मोठ्यानं वाचतो. ऐकायला घरात कुणी नसतं.