उलट्या ब्लाउजची प्रमिला

होस्टेलच्या दोरीवर कोणाचा ना कोणाचा कपडा मागे राहूनच जायचा. मुलगी लग्न होऊन जायची, बदली होऊन जायची आणि तिचा परकर तिथेच वाळत राहायचा. किस्स्यांचं तसंच आहे बघा. ज्या गेल्या त्या मोकळ्या झाल्या, जी राहिली तिच्याकडे ढीग! मी राहिले. नागपुरात रामदासपेठेतल्या त्या नोकरीवाल्या बायकांच्या होस्टेलात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. दिवसा सरकारी कचेरीत टायपिंग, संध्याकाळी खोली.

माझी भाची आता आवाज, उजेड, स्पर्श ज्यांना सहन होत नाही अशा मुलांसोबत काम करते. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक इंग्रजी नाव आहे. आमच्याकडे तेव्हा, सत्तरच्या आसपास, एकच नाव होतं. प्रमिला!

*

प्रमिला काटोलकडची. तारघरात नोकरीला लागली आणि ट्रंक, वळकटी घेऊन माझ्या खोलीत आली. पहिल्याच सकाळी ती चहाला खाली उतरली तर ब्लाउज उलटा. शिवणी बाहेर, धागे लोंबताहेत.

आमच्या मेट्रनबाई शिस्तीच्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अगं, ब्लाउज उलटा घातलायस."

"हौ," प्रमिला म्हणाली.

"मग जा, सुलटा करून ये."

"सुलटा मले बोचते."

"लोक बघतात, प्रमिला. बरं दिसत नाही."

प्रमिलाने जरा विचार केला. उद्धटपणा नव्हता तिच्यात, खरंच विचार करून बोलायची. म्हणाली, "सुलटा मले बोचते. उलटा तुमाले बोचते. पण बाई, अंगात कोणाच्या हाय?"

मेट्रनबाईंनी चहा घेतला आणि निघून गेल्या!

*

त्याच वर्षी मेसमध्ये प्रेशर कुकर आला. मेट्रनबाईंना त्याचं फार कौतुक. पहिली शिट्टी झाली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रमिला दिसेना. शोधलं तर खाटेखाली! दोन्ही कान दाबून, गुडघ्यात डोकं घालून. चेहरा पांढराफटक.

आमच्या मजल्यावर लता मेश्राम राहायची. मोठ्या दवाखान्यात नर्स, भंडाऱ्याची, फटकळ आणि मनाने सोन्यासारखी. ती खाली वाकली. "काहून वं? दिवसभर तारघरात कडकट्ट कडकट्ट चालते, थे कसं सहन होते तुले?"

खाटेखालून आवाज आला, "कडकट्ट बोलते. कुकर नुसता बोंबलते."

मग लतानेच तोड काढली. कुकर चुलीवर चढवण्याआधी स्वयंपाकाच्या गंगाबाईंनी आमच्या दाराची कडी वाजवायची. प्रमिला उठून मागच्या आवारात, पार कडुनिंबाखाली जाऊन उभी राहायची. शिट्ट्या झाल्या की परत. खाटेखाली जाणं बंद झालं.

तिला एकटं वाटू नये म्हणून मीही तिच्यासोबत जाऊ लागले. खरं तर मलाच कोणी बोलायला हवं असायचं. कचेरीत काय झालं, साहेब काय म्हणाले, सगळं मी तिला झाडाखाली सांगायचे. आठवडाभर तिने ऐकून घेतलं. मग एक दिवस म्हणाली, "सुमन, एक गोष्ट सांगू?"

मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, "सांग ना."

"कुकर बंद झाला. आता तू."

*

नागपूरचा मे महिना. आम्ही खोलीभर पाणी शिंपडून, वाळ्याच्या ताट्या ओल्या करून पडून असायचो. अशात प्रमिला एका दुपारी तारघरातून आली ती थरथरतच. तिच्या टेबलावर नवी ट्यूबलाइट बसवली होती. ती गुणगुणते, म्हणे. इतर कोणालाच ऐकू येत नव्हतं. दिवसभर ते सोसून हिचे दात वाजत होते.

"लता, गादी टाक माझ्यावर," ती म्हणाली.

"मरशील ना वं! एवढ्या उन्हाळ्यात?"

"टाक. अन् वर बस."

लताने तिच्याकडे नीट पाहिलं. मग माझी गादी उचलली, तिच्यावर टाकली आणि पायांकडे बसली. "अजून," आतून आवाज. "सुमन, तू बी बस!" लता मला म्हणाली. मी बसले. गादीच्या एका टोकाला प्रमिलाचं तोंड तेवढं बाहेर. हळूहळू दात वाजायचे थांबले. श्वास लांब झाला. इतका शांत चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता.

नेमक्या तेव्हाच मेट्रनबाई दारात! पाहतात तर दोन बायका तिसरीवर बसलेल्या, घामाने निथळत.

"हे काय चाललंय?"

लता जागची हलली नाही. "ड्यूटी," म्हणाली!

*

दिवाळीत होस्टेल रिकामं व्हायचं. माझा भाऊ गावातच, नंदनवन वस्तीत राहायचा. वहिनी प्रेमाने बोलवायची आणि मी गेले की घड्याळाकडे पाहायची. त्यामुळे जेवण झालं की मी परत. रिकाम्या होस्टेलात स्वतःच्या चपलांचा आवाजही मोठा वाटतो.

प्रमिला दिवाळीला घरी जायचीच नाही. तारघरातल्या सगळ्यांच्या सुट्टीच्या ड्यूट्या ती मागून घ्यायची. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, सगळ्या! लोक तिला दुवा द्यायचे. एका वर्षी साहेबांनी सगळ्यांसमोर तिचा सत्कार केला. भाषणात म्हणाले, सहकाऱ्यांसाठी सणाचा असा त्याग करणारी मुलगी विरळा.

प्रमिला उभी राहिली. "त्याग नाही जी. फटाके सहन होत नाही मले. तारघराच्या भिंती जाड हायेत."

त्या दिवाळीला मी चिवड्याचा डबा घेऊन तारघरात तिच्याकडे गेले. तिने कागदावर चिवडा ओतला, शेंगदाणे वेगळे केले, डाळवं वेगळं, खोबऱ्याचे काप वेगळे. मग एकेक ढीग खाल्ला. बाहेर शहरभर फटाके फुटत होते आणि आत ते कोणीतरी लांब कुठेतरी दार आपटावं इतकेच ऐकू येत होते.

मी विचारलं, "प्रमिला, तुला एकटं नाही वाटत का गं?"

"वाटते ना," ती म्हणाली. "पण थे कानात नाही दुखत."

*

मग तिला पाहायला आले. सदर भागात तिच्या काकांकडे कार्यक्रम होता. काकूने तिला जरीचा शालू नेसवला, गजरा माळला, ब्लाउज अर्थातच सुलटा. आम्हाला हे सगळं दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, बातमी वाचून दाखवावी तसं.

पोहे झाले. मुलाची आई विचारू लागली, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. प्रमिलाने जमेल तितकं सोसलं. मग उठली आणि म्हणाली, "हे लुगडं चावून राहिलं मले. मी बदलून येते." आणि खरोखरच आत जाऊन आपलं धुऊन मऊ झालेलं सुती पातळ नेसून, ब्लाउज उलटा करून परत येऊन बसली! पाहुणे पानसुपारीला थांबले नाहीत. तिची आई कपाळावर हात मारून रडली. "घडीभर सोसवलं नाही तुले?"

लता हसत सुटली होती. मीही. प्रमिला हसली नाही.

"आईले वाटते मी मुद्दाम करते," ती म्हणाली. मग खिडकीकडे वळून, "मुलगा चांगला होता."

"बोलला का तो काही?"

"नाही. त्यानं मान वरच नाही केली. बोटाने चटईची एक काडी सोलून राहिला होता. सगळा वेळ. एकच काडी." ती खिडकीबाहेर पाहत होती. "मले वाटलं, हा जमला असता."



*

संक्रांतीला होस्टेलात हळदीकुंकू असायचं. ट्रस्टच्या अध्यक्षीणबाई गाडीतून यायच्या. मोठ्या हौशी बाई! ओळीने सगळ्यांना कुंकू लावत, तिळगूळ देत आल्या. प्रमिलापाशी आल्यावर त्यांनी गुलाबदाणीतलं पाणी तिच्या तोंडावर शिंपडलं आणि लाडाने दोन्ही गाल कुरवाळले.

प्रमिला किंचाळली आणि तिने त्यांना ढकललं. अध्यक्षीणबाई मागच्या मागे तिळगुळाच्या ताटात बसल्या!

हसायची कोणाची छाती झाली नाही, कारण प्रकरण कमिटीपुढे गेलं. मुलीला डोक्याच्या डॉक्टरकडे न्या, नाही तर जागा खाली करा. जागा गेली असती तर नोकरी गेली असती, आणि काटोलच्या घरात तिला कोणी कोपऱ्यातही ठेवलं नसतं. लता रात्रपाळी करून, न झोपता माझ्यासोबत मीटिंगला आली. तिने सांगितलं, दवाखान्यात असे पेशंट येतात, अचानक हात लावला तर त्यांना चटका बसल्यासारखं होतं. हट्ट नाही, दुखतं. मी सांगितलं की ही मुलगी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मेट्रनबाईंनी आमच्या बाजूने मान डोलावली.

कमिटीने प्रमिलाला शेवटी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"माफी मागते," ती म्हणाली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण तिचं संपलं नव्हतं. "बाईनं मले विचारून हात लावाले पाह्यजे होता. मग मीही विचारून ढकललं असतं."

अध्यक्षीणबाईंना हसू आलं. त्या हसल्या म्हणून कमिटी हसली. जागा वाचली. पण शिक्षा काहीतरी द्यायलाच हवी होती. म्हणून ठरलं की तिने चांगली खोली सोडून मागच्या कोठीच्या खोलीत एकटीने राहायचं. रस्त्याकडे खिडकी नाही, धान्याची पोती ठेवायची जागा, भिंती हातभर जाड.

प्रमिलाचा आनंद काय सांगू! तिने त्याच दिवशी ट्रंक हलवली.

माझ्या खोलीत मग कोणीच आलं नाही. पुढे लताची बदली चंद्रपूरकडे झाली. संध्याकाळी मी दार लावायचे आणि इतकं शांत व्हायचं की मलाच ते ऐकवेना. ढकललं कोणी आणि शिक्षा कोणाला!

*

शेवटचा किस्सा सांगते.

जूनची दुपार होती. शाळा उघडायच्या होत्या. मी आणि प्रमिला सदरच्या बाजारातून भाजी घेऊन परतत होतो. तिच्या हातात काळी छत्री, माझ्या हातात पिशवी. एका चपलांच्या दुकानासमोर गर्दी जमलेली. सात-आठ वर्षांची मुलगी फुटपाथवर पडून ओरडत होती. शाळेचे नवे बूट पायात घातले होते, ते ती ओरबाडून काढत होती. आई बिचारी घामाघूम होऊन तिला उचलू पाहत होती. जितकं उचलावं तितकी मुलगी ताठ.

"बहनजी, बच्ची को हटाइए, ग्राहक खड़े हैं," दुकानदार म्हणत होता.

"दोन द्या कानाखाली, चूप बसते!" गर्दीतलं कोणीतरी.

मी प्रमिलाकडे पाहिलं तर ती जागेवर नव्हती. ती गर्दीतून सरळ आत गेली, मुलीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. मुलीकडे पाठ करून! तिने छत्री उघडली, खाली टेकवली, आणि गर्दीच्या आणि मुलीच्या मध्ये एक काळी भिंत उभी राहिली. तिने मुलीला हात लावला नाही. एक शब्द बोलली नाही. नुसती बसून राहिली. रिक्षावाले बाजूने वाट काढत होते, लोक हसत होते.

ओरडणं कमी झालं. मग थांबलं. मुलगी सरपटत छत्रीखाली आली. तिने बूट काढून फेकले आणि प्रमिलाच्या शेजारी, तिला न चिकटता, बसली.

तिची आई समोर उकिडवी बसली. हळू आवाजात विचारलं, "तुमच्या घरी आहे का असं कोणी?"

"हौ," प्रमिला म्हणाली. "मी."

त्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उलटा ब्लाउज, लोंबणारे धागे, मोठं कुंकू.

"नोकरी करता तुम्ही?"

"हौ. तारघरात."

"जेवणखाण? सगळं आपलं आपण?"

"हौ."

पुढचं विचारायला बाईला जड जात होतं. शेवटी म्हणाली, "आणि मैत्रीण वगैरे? आहे कोणी?"

प्रमिलाने छत्री जराशी उचलली. गर्दीत इकडून तिकडे नजर फिरवली. मग बोट दाखवलं.

"एक हाय. थे पाहा, पिशवी धरून उभी हाय."