आबा मॅच बघायला जयपूरला आले

फुटबॉल खेळता येतो म्हणून मला रेल्वेत नोकरी लागली आणि कोल्हापूर सोडून मी थेट जयपुरात हजर झालो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सकाळी कचेरीत टेबलापाशी बसायचं, दुपारनंतर मैदानावर घाम गाळायचा, आणि दोन्हीचा मिळून पगार एकच. मैदान म्हणजे वाळू होती. मधे मधे गवताचे चार पुंजके आणि कुंपणाच्या भिंतीवर मोर. चेंडू टप्पा घ्यायच्या ऐवजी बसकण मारायचा. तांबड्या मातीवर वाढलेल्या माझ्या पायांना हे उमजेपर्यंत पहिला हिवाळा संपला.

मी मधल्या फळीतला खेळाडू. आमच्या घरात ती जागा वतनासारखी होती. आबा, म्हणजे माझे वडील, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात उभी हयात मधेच खेळले. ‘ह्याला मधनं कोण हलवत नाही’ असं पेठेत त्यांच्याविषयी बोललं जायचं. चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं, नंतर बघतो तो गाढव, हे त्यांनीच मला शिकवलं. पळण्यात मी यथातथाच होतो, पण चेंडू पायाशी येण्याआधीच तो कुणाला द्यायचा हे माझं ठरलेलं असायचं. डावा पायही उजव्याइतकाच चालायचा. आमच्या गल्लीच्या उजव्या अंगाला उघडं गटार होतं, आणि ज्याच्या पायानं चेंडू गटारात गेला त्यानंच तो हात घालून काढायचा, असा कायदा होता. त्यामुळं चेंडू डावीकडं ठेवायची सवय लागली.

तोच डावा पाय मला भोवला. पहिल्याच मोसमात आमच्या डाव्या बॅकचं लग्न निघालं. गडी जयपुरातल्याच झोटवाड्याचा, सासुरवाडी बिकानेरकडची. वरात गेली ती स्पर्धा संपेपर्यंत परतलीच नाही. कोचसाहेबांनी मला मागं घातलं आणि मी बरा खेळलो, हीच चूक झाली. पुढं सेंटर फॉरवर्डला कावीळ झाली, मी पुढं. मग उजव्या बॅकची बदली झाली, मी उजवीकडं. कोचसाहेब मला ‘आलू’ म्हणायला लागले. आलू कुठल्याही भाजीत घाला, चालतो. सगळे हसायचे, मीही हसायचो, पण आतून जळायचो. पंगतीतून उठताना ‘वा, काय बटाटा होता’ असं म्हणून कुणी ढेकर देत नाही.

त्यात मी एकदा सरावाच्या वेळी गंमत म्हणून गोलमध्ये उभा राहिलो आणि दोन-तीन कडक फटके अडवले. झालं. त्या दिवसापासून संघानं राखीव गोलकीपर ठेवणंच सोडून दिलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘आलू है ना.’

उन्हाळ्यात कोल्हापूरला गेलो की आबा पहिला प्रश्न विचारायचे, यंदा कुठं खेळलास. मी सांगितलं की चुकचुकायचे. असं दर साली चाललं. शेवटी माझे गुडघे कुरकुरायला लागले, हा मोसम शेवटचा असं मी घरी सांगून टाकलं, तेव्हा आबा म्हणाले, एकदा तरी तुला मधे खेळताना बघतो. आणि जानेवारीत फेटा बांधून, चटणीचा डबा काखोटीला मारून जयपूर स्टेशनवर उतरले. फेट्यामुळं तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांना आपल्यातलंच धरलं. कुठल्या गावचे, कुणाकडचे अशी चौकशी सुरू झाली. आबांना हिंदी येत नव्हतं, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. मॅचच्या दिवशी तर त्यांना मंडळींनी उन्हातली चांगली जागा दिली आणि वर तीळगुळाची गजक खायला घातली.

ती अंतिम मॅच होती, समोर छावणीतले फौजी. मी आदल्या आठवड्यातच कोचसाहेबांकडं हट्ट धरला होता. जन्मात काही मागितलं नाही, वडील येतायत, मला मधे खेळवा. त्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

आणि मॅचच्या आधी अंग गरम करताना आमच्या गोलकीपरचं बोट निखळलं. बोटाकडं बघवेना. कोचसाहेबांनी मला विचारलंसुद्धा नाही. मान वळवून नुसतं माझ्याकडं बघितलं. त्यांच्याबरोबर सगळा संघ माझ्याकडं बघायला लागला. माझं डोकं सणकलं.

“आज नहीं,” मी म्हणालो. “आज कोई और खड़ा हो जाए.”

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. कोचसाहेब आधी समजावत होते, मग चिडले. मीही आवाज चढवला. तेवढ्यात आबा फेटा सावरत मैदानात आले.

“का भांडालायस?” त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडलेला मी बघितला. एवढा रेल्वेचा प्रवास त्यांनी ह्याचसाठी केला होता. त्यांनी मैदानाच्या मध्याकडं एकदा बघून घेतलं आणि मग माझ्याकडं वळले.

“मग गोलात कोन उभारनार?”

“बघतील ते.”

“तुला येतंय का न्हाई?”

“येतंय.”

“मग बोलत काय बसलायस? जा.”

गेलो. गोलकीपरचा स्वेटर मला आखूड होत होता, बाह्या कोपराशी थांबत होत्या. फौजी कवायतीसारखे शिस्तीत चालून यायचे. एक चेंडू मी तोंडानं अडवला, तो मुद्दाम अडवला असं पुढं बरीच वर्षं सांगत आलो. एक आत गेला. आमच्याही पोरांनी एक मारला.

शेवटी शेवटी एक लांब चेंडू आमच्या हद्दीत आला. मी पुढं धावलो आणि छातीवर घेतला. त्याआधी खांद्यावरून बघून झालंच होतं. त्यांचा फॉरवर्ड अंगावर आला, त्याला डाव्या पायानं चकवलं. आता चेंडू लांब मारून मुकाट्यानं परतायचं. पण पाय ऐकेनात. दुसरा अंगावर आला, त्यालाही चकवलं. कोचसाहेब मागून बोंबलत होते, गोल उघडा पडला होता, आणि मी मैदानाच्या बरोबर मधे होतो. तिथून सगळे दिसतात. डाव्या कोपऱ्यात आमचा गडी मोकळा होता. असा पास दिला म्हणून सांगू, की त्याला नुसता पाय लावायचा होता. त्यानं तो भिंतीवरच्या मोरावर मारला. मोर उडाला, आणि मी कुत्रं मागं लागल्यासारखा गोलकडं पळत सुटलो.

मॅच बरोबरीत सुटली. दोन्ही संघांना विजेते ठरवलं, चषक सहा महिने त्यांच्याकडं आणि सहा महिने आमच्याकडं. कोचसाहेबांनी मला आधी शिव्या दिल्या आणि मग मिठी मारली.

मैदानाबाहेरच्या टपरीवर आम्ही बापलेक चहा घ्यायला बसलो. आबा चहावर फुंकर मारत होते. मला राहवेना. तुमची फेरी वाया गेली आबा, असं मी म्हटलं.

त्यांनी चहाचा मातीचा कुल्हड खाली ठेवला.

“मला मधनं कोन हलवत न्हाई म्हनायचे. एकदा हलवलं हुतं की. बॅकला घातलं. गोलावर गोल खाल्ले, लोकांनी चपला फेकल्या. त्यानंतर हलवलं न्हाई.”

हे पेठेत कुणी कधी बोललं नव्हतं.

“मला दुसरं कायच येत न्हवतं, लेका. तू सगळीकडं खेळतोयस. आज बघून मला लई हेवा वाटला.”

मला रडू आलं. एवढा मोठा घोडा, आखूड स्वेटर घालून, टपरीवर सगळ्यांदेखत रडलो. टपरीवाल्यानं घाबरून विचारलं, बाबाजी, हार गए क्या? आबांना त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. त्यांनी मान हलवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आणखी दोन चहा मागितले.