सरदारांची मान

सरदार बुटक्या दारातून शिरताना मान वाकवत नसत, गुडघे वाकवत. होते सातपूरच्या आमच्या कारखान्यात लेथवर, मूळचे देवळ्याकडचे. सरदारकी त्यांना एका नाटकाने दिली.

त्याआधी त्यांची मान म्हणजे कारखान्यातलं सर्वांत जास्त चालणारं मशीन. फोरमनसाहेबांनी "रविवारी याल ना?" म्हणायच्या आत ती हलायची. साहेब नुसते शिंकले तरी हलायची.

सत्तरच्या दशकात आम्ही कामगारांनी ऐतिहासिक नाटक बसवलं. यांना किल्लेदार सरदार केलं, आणि शत्रूचा वकील झाले खुद्द फोरमनसाहेब. तालमीत साहेब गरजायचे, "किल्ला खाली करा!" की यांची मान सवयीने हलायची आणि पगडी थेट साहेबांच्या पायाशी. मी भालदार. ती पगडी उचलून उचलून माझी कंबर गेली, ती अजून परत आलेली नाही. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "आता पगडी पडली तर सरदार बदलला!"

यांचं तोंड एवढंसं झालं. "अहो, आई येणार हे बघायला. सगळ्या गावाला सांगून बसली म्हातारी."

त्या दिवसापासून ते पगडीतच राहू लागले. पगडीत दात घासले, पगडीत रॉकेलच्या रांगेत उभे राहिले. वहिनी म्हणायच्या, "अहो, तुरा आमटीत चाललाय!" हे म्हणायचे, "म्हंजे मान खाली गेली. बरं झालं सांगितलंस." एकदा त्र्यंबक रोडवर गळ्यातला नाटकाचा शेला सायकलच्या चेनमध्ये गेला. सरदार ओढले जात पार हँडलवर ओणवे झाले, पण मान ताठ. तसेच कारखान्यात आले. वॉचमनने सलाम ठोकला.

प्रयोगाला म्हातारी पहिल्या रांगेत. साहेब गरजले. तुरा थरथरला. आणि थांबला.

"नाही," सरदार म्हणाले.

टाळ्यांनी गोदावरीला लाटा आल्या, असं मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

पुढच्याच आठवड्यात साहेब लेथपाशी आले. "रविवारी याल ना?" डोक्यावर पगडी नव्हती, तरी मान जागची हलली नाही. "नाय जमायचं, साहेब. आईला गावी सोडायचंय." साहेब वकिलासारखेच परत गेले.

निवृत्त होऊन सरदार देवळ्याला निघाले, तेव्हा आम्ही सगळे एसटी स्टँडवर जमलो. फोरमनसाहेबही काठी टेकत आले होते. गाडीच्या दारातून सरदार वळले, नेहमीसारखे अख्खेच्या अख्खे. आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मग हात जोडून त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मान खाली घातली.

नसलेली पगडी झेलायला माझे दोन्ही हात पुढे गेले होते.